कंप थांबला, पुढे काय?

कंपवाताचे पद्धतशीर वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडल्याने हा विकार होतो, हे कळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. शल्यचिकित्सक तोवर थांबले नव्हते. १९४७ मध्ये फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी डोक्यावर चौकट बसवून मेंदूतील खोलवरचा बिंदू मोजमापाने गाठला. पुढे याच पद्धतीने थॅलॅमसचा लहानसा भाग नष्ट करून कंप थांबवता येऊ लागला. पण नष्ट केलेला भाग परत मिळत नाही. ही क्रिया दोन्ही बाजूंना केली, तर अनेकांची वाचा बिघडे.

१९६० च्या दशकाअखेरीस लेव्होडोपा हे औषध आले आणि शस्त्रक्रिया मागे पडली. काही वर्षांच्या वापरानंतर या औषधाने अंगाला नको त्या हालचाली जडतात, असे दिसून आले. शस्त्रक्रियेकडे पुन्हा लक्ष गेले.

१९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांना आढळले, की सेकंदाला सुमारे शंभर स्पंदने दिली की कंप थांबतो आणि प्रवाह बंद करताच परततो. मग जाळायचे कशाला? इलेक्ट्रोड मेंदूतच ठेवून छातीच्या त्वचेखाली बॅटरी बसवण्याची कल्पना यातून आली. प्रवाह कमीजास्त करता येतो, हा तिचा मोठा गुण.

म्हणून ती निर्धोक ठरते का? नाही. इलेक्ट्रोड घालताना काही वेळा रक्तस्राव होतो, तारेपाशी जंतुसंसर्ग होतो. तिसरा धोका प्रवाहाचाच. सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे नेहमीचे लक्ष्य जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे. त्यात हालचालींबरोबर भावना आणि विचार यांचीही मंडले जवळजवळ असतात. प्रवाह शेजारी पसरला, की बोलणे अडखळते किंवा मन बदलते. १९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. प्रवाह सुरू होताच ती तीव्र निराशेने रडू लागे. बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत पूर्ववत होई.

आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी हे उपचार रुजवले. त्यांनी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या नैराश्याची आणि त्यातून झालेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांची नोंद जागतिक नियतकालिकात दिली. अपयशही छापणे हे विज्ञानाचेच काम. २००८ मध्ये ५,३११ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ०.४५ टक्के रुग्णांनी आत्महत्या केली होती, तर ०.९० टक्के रुग्णांनी तसा प्रयत्न केला होता. प्रमाण लहान असले, तरी मनाची तपासणी शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही व्हायला हवी, हे त्यातून स्पष्ट झाले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या रुग्णाला हे उपचार मुंबईत घ्यायचे तर शस्त्रक्रियेनंतरही प्रवाह जुळवून घेण्यासाठी लोकलने खेपा घालाव्या लागतात. दोन खेपांच्या मधल्या काळात रुग्णावर लक्ष असते ते घरच्यांचेच. हात स्थिर झाला म्हणून ते निर्धास्त होतात. माणूस अबोल झाला, खाणे-झोप बिघडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे, एवढे आपल्या विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचले, तरी पुष्कळ झाले.