दिनविशेष : २१ सप्टेंबर – दीपगृह दिन

१९२७ मध्ये आजच्या तारखेस भारतीय दीपगृह कायदा मंजूर झाला व किनाऱ्यावरील दीपगृहांचा कारभार मध्यवर्ती सरकारच्या अखत्यारीत आणण्याची तरतूद झाली. मांजरेच्या खोऱ्यातील आम्हां केजकरांना देवळापुढची दीपमाळ जितकी परिचित, तितकेच समुद्रतीरीचे दीपगृह अपरिचित. तथापि ज्या खांदेरी बेटाची तटबंदी शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये आरंभिली, तेथे १८६७ पासून उभे असलेले व आज कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारे दीपगृह ध्यानात घेतले, म्हणजे या वास्तूचे प्रयोजन उमगते. भिंगांनी एकवटलेला दिव्याचा झोत दूरवर पोहोचतो आणि प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची लय निराळी असल्याने खलाशी काळोखातही ठिकाण अचूक ओळखतो. १९२७ च्या कायद्याची जागा २०२१ मध्ये नव्या कायद्याने घेतली.