दोन तोंडांची नळी

गेल्या पावसाळ्यात एका मध्यरात्री माझी लघवी अडली. प्रोस्टेटचा त्रास वर्षभर होताच, पण 'वय झालं, चालायचंच' म्हणून मी अंगावर काढत होतो. येरझारा घालून जीव नकोसा झाला तेव्हा पहाटे मुलाला उठवलं. रुग्णालयात नळी घातली आणि सुटलो. ज्याची कधी अडली आहे त्यालाच ती सुटका कळेल.

सकाळी उजेडात पाहिलं तर नळीला खाली दोन फाटे. एक पिशवीला जोडलेला. दुसऱ्याच्या तोंडाशी नारिंगी बूच, त्याला काहीच जोडलेलं नाही. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "आजोबा, त्याला हात लावू नका. आत फुगा आहे, त्यात पाणी भरलंय." शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी रात्री भ्रमात नळी ओढून काढली होती. फुग्यासकट. त्यांचं रक्त पाहिल्यापासून माझे हात मी पांघरुणाबाहेर ठेवून झोपायला लागलो.

चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे 'हे कुणी काढलं?' हा प्रश्न सुटत नाही. घरी आल्यावर वाचत बसलो.

नळी जुनीच. सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचे २० प्रकार सांगितले आहेत. पुढेही शतकानुशतकं नळ्या बहुधा धातूच्या आणि ताठ. १७५२ साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनचा भाऊ जॉन मूत्राशयाच्या विकाराने हैराण होता. फ्रँकलिन सोनाराकडे गेला आणि नळी तयार होईपर्यंत तिथेच बसून राहिला. लवचीक, वाकणारी नळी! त्याच वर्षीचा त्याचा विजेचा पतंग मी वर्गात इतक्यांदा उडवला, पण ही नळी मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळली.

एकोणिसाव्या शतकात चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ केलं आणि १८६० च्या सुमारास पॅरिसच्या नेलातोंने मऊ रबराची नळी वापरात आणली. आकड्यांची पद्धतही पॅरिसचीच, शारिएर नावाच्या उपकरणं बनवणाऱ्याची. आकड्याला तीनाने भागलं की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये येते. माझी १६ नंबरची, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरहून किंचित जास्त. हिशेब केल्यावर कसंतरीच झालं, असो.

नळी मऊ झाली तरी आत राहायची कशी? फितीने बांधा, चिकटपट्टीने डकवा, तरी ती निसटायचीच. याला उत्तर मिळालं ते सेंट पॉल, मिनेसोटा इथले मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नळीत. एकाच नळीत दोन वाटा, एकमेकींना कुठेही न मिळणाऱ्या. रुंद वाटेने लघवी बाहेर येते. बारीक वाटेने दहा मिलिलिटरच्या आसपास पाणी आत जातं आणि टोकाचा फुगा आवळ्याएवढा होतो. नळी मग आतच अडकून राहते. या वाटेला डॉक्टर 'ल्यूमेन' म्हणतात. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ प्रकाश, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

गंमत अशी की फोलींना हा फुगा आधी हवा होता तो प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त दाबून थांबवायला. मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेपुढे त्यांनी तो १९३५ साली मांडला. १९३६ साली पेटंटला अर्ज केला, पण डॅव्हॉल रबर कंपनीचे पॉल राइशे त्यांच्या आधी पोचले होते. तंटा झाला, फोली एका पायरीवर जिंकलेही, शेवटी न्यायालयात हरले. पेटंट दुसऱ्याचं, पण बार्ड कंपनीने नळी विकली ती फोलींच्या नावाने आणि नाव तेच टिकलं. १९६६ साली फोली वारले.

पुढे माझीही शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी तर नळीला तीन तोंडं. तिसऱ्यातून मिठाचं पाणी सतत आत सोडतात, रक्ताच्या गुठळ्या अडकू नयेत म्हणून. बाटलीतून ते थेंब थेंब पडताना पाहत दोन रात्री काढल्या.

तिसऱ्या दिवशी तीच सिस्टर आली. सिरिंज लावून फुग्यातलं पाणी ओढून घेतलं, मोजून पाहिलं, आणि म्हणाली, "आजोबा, मोठा श्वास घ्या." मी घेतला. शेजारची खाट तोवर रिकामी झाली होती. ते गृहस्थ आदल्या संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी गेले होते.