नांगराच्या कारखान्यातील संपादक

मासिक म्हटले की पुण्या-मुंबईचे छापखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु मराठीतील तीन नामांकित मासिके नांगर ओतणाऱ्या भट्टीच्या शेजारी वाढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना वसविला. जागा औंध संस्थानची. सातारा जिल्ह्यात तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या त्या संस्थानाचा हा भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतो.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर मूळचे चित्रकार. लाहोरास पंडित सातवळेकरांपाशी ते चित्रकला शिकले आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहू लागले. गिऱ्हाइकांस मालाची वार्ता कळावी म्हणून १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. हळूहळू नांगर मागे पडला आणि विचार पुढे आला. रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे बुद्धिवादी निबंध त्यात येऊ लागले. ('खबर' हा परकी शब्द काढावा, हा आग्रहही सावरकरांचाच, पुढे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले.) १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. विवाह, शिक्षण, घरातील जाच यांविषयी स्त्रियांनी स्वतः लिहावे आणि ते घरोघर वाचले जावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. आमच्या घरच्या फडताळात 'स्त्री'चे जुने अंक होते. लग्नपत्रिकांपेक्षा ते अधिक जपलेले असत!

कोणी म्हणेल, पाठीशी कारखाना असता धाडस ते कोणते? र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' पदरमोड करून चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. स्वतंत्र संपादक त्यांस म्हणावे. कर्व्यांची थोरवी मी मानतो, पण आक्षेप मला पटत नाही. कर्व्यांनी पणाला लावले ते स्वतःचे. येथे एखाद्या लेखाने दुखावलेला सनातनी शेतकरी नांगर घेणेच सोडून देईल, अशी धास्ती असणे साहजिक होते. ती पत्करून चुलत्यांनी पुतण्यास लेखणी मोकळी दिली, हे मला विशेष वाटते.

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या फेब्रुवारीत सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरे जळाली. जातिभेदावर कोरडे ओढणारी मासिके जेथून निघत, ती किर्लोस्करवाडीही त्या आगीतून सुटली नाही. जमावाने कारखाना पेटविला.

मासिके मात्र थांबली नाहीत. पुढे त्यांनी पुण्यास बिऱ्हाड केले. शंकरराव १९७५ साली वारले. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' हे स्वतःचे मासिक सुरू केले.