जठर लहान झाल्यानंतर

१९७२ साली दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. महाराष्ट्रात त्या वर्षी मोठा दुष्काळ पडला आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली माणसे खडी फोडायला व पाझर तलावांच्या मातीकामाला गेली. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर आलेली 'मिलो' नावाची तांबडी परदेशी ज्वारी यांच्या आठवणी जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून निघतात. त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या अ‍ॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एका जुन्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' असे नाव दिले. किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे, एवढेच ते गणित. मूळ कल्पना बेल्जियमच्या क्वेतले यांची, १८३२ मधली.

आज या दोन घटना एकाच जिल्ह्यात, कधी कधी एकाच घरात, भेटतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण पाचांतली एक स्त्री कमी वजनाची आढळली. आणि जास्त वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण त्याहून थोडे अधिकच भरले. २०१८ मध्ये 'आकांक्षित जिल्हा' म्हणून निवडल्या गेलेल्या धाराशिवमध्ये आता मधुमेह, गुडघेदुखी आणि न हटणारे वजन यांनी हैराण झालेला माणूस सोलापूरला किंवा पुण्याला जाऊन जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करतो. २०११ साली नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली, त्या बातमीने तिचे नाव खेडोपाडी पोचले. शस्त्रक्रिया काही तासांची असते. तिच्यानंतर जगायची वर्षे पुष्कळ असतात, आणि त्या वर्षांची तयारी शस्त्रक्रियेच्या आधीच करावी लागते. हे शहाणपण वैद्यकाला एका दिवसात आलेले नाही. ते कसे आले, त्याची ही हकिकत.

आरंभ स्थूलतेपासून होत नाही. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग कापून उरलेला भाग आतड्याला यशस्वीपणे जोडला. ती काही महिने जगली. पुढे जठरातील व्रणांसाठी अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या आणि जठर म्हणजे केवळ अन्न घुसळणारी पिशवी नव्हे, हे रुग्णांच्या तक्रारींतून कळत गेले. गोड खाल्ल्यावर थोड्याच वेळात धडधड, घाम, चक्कर, पोटात कळ. या लक्षणांना १९२२ मध्ये 'डंपिंग' हे नाव मिळाले. निरोगी जठराचे तोंड अन्न थोडे थोडे पुढे सोडते. ही राखण गेली की साखरेचा दाट पाक एकदम लहान आतड्यात पडतो, रक्तातले पाणी त्याच्याकडे ओढले जाते आणि नाडी धावू लागते. परासरण शिकवताना मनुका पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात भिजवून दाखवणाऱ्या शिक्षकांना यात नवे काही सांगायला नको. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहे. त्याचे दोन पेढे ज्याला पूर्वी सहज पचत, त्याला शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः आतड्याला वळसा दिलेला असेल तर, ते आडवे पाडू शकतात.

मुद्दाम वजन घटवण्यासाठी पोटावर सुरी चालवण्याचे पहिले मोठे प्रयत्न १९५० नंतरचे. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठातच क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न थेट पुढे नेण्याची पद्धत वर्णन केली. हिशेब सरळ होता. आतडे कमी, तर शोषण कमी. वजन उतरले, पण पुढच्या वर्षांत मूतखडे, यकृताचे विकार, सांधेदुखी आणि सततचे जुलाब मागे लागले. पुष्कळ रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करून झाल्यावर ती सोडून द्यावी लागली. आमच्या मते या इतिहासातले हे सर्वांत बोधक पान आहे. शस्त्रक्रिया 'यशस्वी' होती, फक्त नंतरच्या आयुष्याचा विचार तिच्यात नव्हता.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी उलट दिशेने पाहिले. व्रणासाठी जठर कापलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह जठराचा वरचा लहान कप्पा वेगळा करून तो आतड्याला जोडला. यालाच गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. मेसन यांचे मोठेपण सुरीपेक्षा वहीत अधिक दिसते. रुग्णांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवण्यासाठी त्यांनी १९८६ मध्ये एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ते २०२० साली, वयाची शंभरी पुरी करून, वारले. दुर्बिणीच्या साहाय्याने बायपास १९९४ पासून होऊ लागला. आणि जठराची फक्त एक अरुंद नळी ठेवणारी 'स्लीव्ह' ही शस्त्रक्रिया आता जगात सर्वाधिक केली जाते. एरवी लिटर-सव्वा लिटर मावणाऱ्या जठरात बायपासनंतर सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे औषधाची दोन मोठी झाकणे, एवढीच जागा उरते. स्लीव्हमध्ये थोडी जास्त.

एवढ्या अन्नावर माणसाचे मन कसे राहते? याचे अर्धे उत्तर पुन्हा कीज यांच्याकडेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, नोव्हेंबर १९४४ पासून, त्यांनी युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, उपासमारीचा प्रयोग केला. २४ आठवडे रोज सुमारे १५७० उष्मांक. तरुणांचे वजन जवळजवळ पाव हिश्श्याने उतरले. पण कीज यांच्या नोंदींत वजनाइतकेच महत्त्व त्यांच्या वागण्याला आहे. ते ताटे चाटत, पाककृतींची पुस्तके जमवत, खाण्याची स्वप्ने पाहत. चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. एकाने कुऱ्हाडीने हाताची तीन बोटे तोडली. ते मुद्दाम की चुकून, हे त्यालाही नंतर नीट सांगता येईना. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक आठवडेच्या आठवडे शमली नाही. 'वजन घटवणे हा केवळ निर्धाराचा प्रश्न आहे' असे वर्गात किंवा घरात कोणी म्हणाले, तर हा प्रयोग जरूर सांगावा. बहात्तरच्या दुष्काळाच्या कहाण्या ऐकलेल्या मुलांना तो लगेच कळतो.

मग शस्त्रक्रिया झालेली माणसे त्या तरुणांसारखी वखवखलेली का नसतात? १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी जठरात तयार होणारे घ्रेलिन हे संप्रेरक शोधले. जेवणाआधी ते वाढते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. २००२ साली कमिंग्ज व सहकाऱ्यांना आढळले की आहाराने वजन घटवलेल्यांत घ्रेलिन वाढते, बायपास झालेल्यांत मात्र ते अगदी कमी राहते. पूर्ण उलगडा इतका सोपा नाही, आतड्यातली आणखी संप्रेरकेही त्यात आहेत. पण पहिल्या वर्षी भूक खरोखरच मंदावते, एवढे नक्की. हा काळ रुग्णाला मिळालेली सवलत असते. नव्या सवयी याच काळात रुजवायच्या. कारण पुढे भूक बऱ्यापैकी परत येते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील मोठ्या पाहणीत बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले; दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. म्हणजे काही वजन परतले, पुष्कळसे परतले नाही. ज्याला हे आधी सांगितलेले असते तो चार किलो वाढल्यावर 'सगळे फुकट गेले' म्हणून कोसळत नाही.

शरीराच्या तयारीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग जीवनसत्त्वांचा. १८८१ सालीच, बिलरोथ यांची शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी, कार्ल वेर्निके यांनी डोळे फिरणे, तोल जाणे आणि भ्रम अशा लक्षणांचे तीन रुग्ण वर्णन केले. दोन मद्यपी होते. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी होती. आम्ल प्यायल्याने तिच्या जठराला इजा झाली होती आणि तिला एकसारख्या उलट्या होत. कारण ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव, हे कळायला अर्धशतक गेले. शरीरातला ब-१चा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. म्हणून जठर लहान केलेल्या माणसाच्या उलट्या थांबत नसतील, तर 'होईल कमी' म्हणत घरी बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ब-१२ची गोष्ट उलटी. १९२९ मध्ये बोस्टनच्या विल्यम कॅसल यांनी दाखवले की जठररसातला एक घटक असल्याशिवाय ते शोषलेच जात नाही. त्याचा साठा मात्र वर्षानुवर्षे पुरतो. त्यामुळे माणूस ठणठणीत दिसतो, आणि तीन-चार वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागतात. तोवर शस्त्रक्रिया विसरलेली असते.

याच काळात आपल्या मुंबईत एक मोठे काम झाले. १९२८ मध्ये आलेल्या लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर स्त्रियांचा पांडुरोग अभ्यासत होत्या. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आज शस्त्रक्रियेनंतरच्या रोजच्या गोळ्यांत लोह, कॅल्शियम, ड, ब-१२ यांच्याबरोबर ते असते. गिरणगावातल्या त्या बायकांचे ऋण या गोळीवर आहे.

आपल्याकडे प्रश्न आणखी एका कारणाने वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५, परंतु स्नायू कमी असूनही चरबी मात्र राखलेली. २००४ साली त्यांनी स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी निर्देशांक ४०, किंवा सोबत गंभीर आजार असल्यास ३५, अशी रेषा आखली गेली होती; आशियाई तज्ज्ञांनी ती ३७.५ आणि ३२.५ वर आणली, आणि अलीकडे ती आणखी खाली येत आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा निर्देशांक ९६ किलोला ३७.५ होतो. मूळचेच स्नायू कमी असलेल्या शरीरातून वजन भराभर उतरते तेव्हा ते चरबीबरोबर स्नायूंचेही उतरते. म्हणून प्रथिने आणि चालणे या गोष्टी शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून सुरू कराव्या लागतात.

मनाच्या बाजूचे आकडे गंभीर आहेत. अमेरिकेतील युटा राज्यातल्या २००७ च्या पाहणीत बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी आढळले, पण अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक. पाच वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासात बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूचे व्यसन वाढलेले दिसले. दारू अशा शरीरात फार लवकर भिनते. दुःख झाले की खाणारा माणूस खाणे बंद झाल्यावर दुःखाचे काय करतो, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुटत नाही. मानसतज्ज्ञाची भेट हा कागदोपत्री सोपस्कार समजला जातो, तो तसा समजू नये. सैल पडणारी कातडी, बदललेला चेहरा, 'आजारी आहेस का?' असे विचारणारे शेजारी, यांचीही तयारी लागते.

आणि घरच्यांची. आपल्याकडे पंगतीत आग्रह हा प्रेमाचा भाग आहे, 'माझ्यासाठी एक घास' हे वाक्य नाकारणे कठीण. पण त्या एका घासाला खरोखरच जागा नसते. तो बळे घातला तर उलटी होते. सुरुवातीचे काही आठवडे पातळ, मग मऊ अन्न. भाकरी त्याच्याही नंतर, नीट चावून. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात घोट घोट. धूम्रपान आणि तंबाखू आधीच सुटलेली हवी; अंगदुखीच्या अनेक गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतात, म्हणून दुकानातून विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही आणि शस्त्रक्रियेचा कागद गावच्या डॉक्टरांना दाखवून ठेवायचा. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची. तुळजापूरच्या नवरात्रात जिल्ह्यातली असंख्य माणसे नऊ दिवस उपवास करतात. साबुदाण्यात प्रथिने नावालाच असतात. अशा व्यक्तीने उपवास करायचा की नाही, केला तर दूध, दही, शेंगदाणे कसे बसवायचे, हे घटस्थापनेच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

वरच्या वर्गांत एक गणित घालता येईल. अशा माणसाला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत ६, वाटीभर शिजलेल्या डाळीत ७ च्या आसपास. एका वेळी ३० मिलिलिटरची जागा, पुढे हळूहळू वाढत जाणारी. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे वेळापत्रक मुलांना आखू द्यावे, पाण्याच्या वेळा सोडून.