विशालकोन भिंग : एका प्रश्नाची तीन उत्तरे

छायाचित्रणाच्या इतिहासात विशालकोन भिंगाचा उल्लेख बहुधा एक सोय म्हणून येतो. अरुंद गल्लीतून उंच इमारत टिपावयाची, मागे सरण्यास जागा नाही, म्हणून रुंद दृष्टिक्षेत्राचे भिंग. हे खरे असले तरी अपुरे आहे. भोवताली वळत गेलेले दृश्य सपाट पृष्ठावर कसे उतरवावे, हा नकाशाशास्त्राला परिचित असलेला प्रश्न येथेही मुळाशी आहे.

पहिले उत्तर थॉमस सटनचे. १८५९ साली त्याने काचेच्या दोन जाड, गोलाकार कवचांमध्ये पाणी भरून सुमारे १२० अंशांचे भिंग सिद्ध केले. मात्र त्याची प्रतिमा वक्र पृष्ठावर उमटत असल्याने छायाचित्राची काचही वक्र घ्यावी लागे. ओल्या कलोडियनच्या त्या काळात अशी काच लेपणे व धुणे जिकिरीचे होते. ही पद्धती रुळली नाही.

दुसऱ्या उत्तरात काच सपाटच राहिली. एमिल फोन होएग याने गोएर्त्झ कंपनीसाठी १९०० साली रचलेल्या हायपरगॉन भिंगाने १३० अंशांहून अधिक क्षेत्र तीवर आणले आणि सरळ रेषा सरळ ठेवल्या. याचे मोल दुहेरी होते. कडेचा गोल लंबवर्तुळाकार उमटे. शिवाय प्रकाश कोज्येच्या चतुर्थ घाताने घटत असल्यामुळे अक्षापासून ६० अंशांवर तो सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येई. म्हणून हवेच्या झोताने फिरणारी ताराकृती चकती भिंगापुढे ठेवून मध्यभागाचा प्रकाश रोखीत व अखेरीस ती बाजूस सारीत.

तिसऱ्या उत्तराने सरळ रेषेचा आग्रहच सोडला. पाण्याखालील माशाला वरचे अवघे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावलेले दिसते. रॉबर्ट वुडने १९०६ साली पाणी भरलेल्या कॅमेऱ्याने हे दाखविले व ‘फिश-आय’ ही संज्ञा रूढ केली. पुढे १९२४ साली रॉबिन हिलने ढगांच्या अभ्यासासाठी संपूर्ण आकाश टिपणारे भिंग पुढे आणले.

यावरून ‘विकृती’ ही संज्ञा जपून वापरावी, हे ध्यानी येते. हायपरगॉनच्या चित्रातील ताणलेला गोल भूमितीच्या दृष्टीने बिनचूक असतो. चित्राच्या मध्यासमोर, योग्य अंतरावर डोळा ठेवल्यास तो पुन्हा गोलच भासतो. आपण चित्र तितक्या जवळून पाहत नाही, एवढेच. म्हणून जुन्या छायाचित्रावरून एखाद्या चौकाची रुंदी किंवा दोन वास्तूंमधील अंतर अनुमानणाऱ्या अभ्यासकाने ते कोठून व कोणत्या भिंगाने घेतले, हे आधी ठरविले पाहिजे. त्यावाचून काढलेले अनुमान पुराव्याच्या कसोटीस उतरणार नाही.