तेलाचा दाब आणि संगणकाचा हात

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची ने-आण करणाऱ्या एका चालकाने मागे मला विचारले होते, "सर, तेलाचा लाल दिवा लागतोय. एक जण म्हणतो, लॅपटॉप लावून सॉफ्टवेअर बदलतो, दिवा जाईल. जाईल का?" गाडी जुनी, डिझेलची, तिच्यावरच घर चालायचे. दिवा जाऊ शकतो, हे मला ठाऊक होते. दुखणे जाईल का, हा प्रश्न वेगळा, आणि त्यासाठी १८८३ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगचा अभ्यास करीत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग आणि त्यावर भार. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले, तर आस फिरताच त्यातून तेल उलट बाहेर येऊ लागले! बूच बसवले, ते वर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तिचेही तेच झाले. मग त्याने दाबमापक जोडला. भारामुळे पडणारा सरासरी दाब दर चौरस इंचाला १०० पौंड होता. काटा २०० च्या पलीकडे गेला. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचे गणित मांडले. फिरणारा दंड तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, तिथे दाब तयार होतो आणि दंड तेलाच्या थरावर तरंगतो.

म्हणजे इंजिनातला पंप दंडाला उचलून धरत नाही. तो फक्त फटीतून गळून जाणारे तेल भरून काढतो. बागेच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवले की आतला दाब वाढतो, काढले की पडतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. बेअरिंग झिजले की बोट सैल झाले. आणि फट दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाला गळती दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. तेल पातळ होणे, पंप झिजणे, गाळणी तुंबणे ही दाब पडण्याची इतर कारणे.

शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. ऑक्टाव्हियाच्या १.९ लिटर डिझेल इंजिनात इंधन किती व केव्हा सोडायचे हे संगणक ठरवी. तेलपंप मात्र इंजिनाच्याच फिरण्यावर चाले आणि जादा दाब स्प्रिंगची झडप सोडून देई. संगणकाला तिथे हातच नव्हता. अशा इंजिनात सॉफ्टवेअरने फार तर निष्क्रिय वेग वाढवता येतो. पंप जोरात फिरतो, दाब थोडा चढतो, दिवा विझतो. झीज आहे तिथेच!

पुढे हा हात आला, पण तो दुरुस्तीसाठी नव्हे, इंधन वाचवण्यासाठी. गरजेपेक्षा जास्त तेल पंपून ते परत सोडून देणे म्हणजे डिझेल वाया घालवणेच. २०१६ ची सुपर्ब आणि २०१७ ची कोडिअॅक याही शेंद्र्यात जुळवल्या गेल्या. त्यांच्या २ लिटर डिझेल इंजिनात दोन टप्प्यांचा पंप आहे: कमी वेगाला सुमारे २ बार, जास्त वेगाला सुमारे ४ बार. टप्पा बदलते संगणकाच्या ताब्यातली विद्युत झडप. गंमत अशी, की विजेचा प्रवाह दिला तर दाब कमी होतो. तार तुटली तर आपोआप वरचा टप्पा सुरू होतो. रचनाकारांनी संगणकावर किती भिस्त ठेवली, ते यावरून कळते. २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि या समूहाने इथली डिझेल इंजिने बंद केली.

चालकाला मी लॅपटॉपआधी दिव्याचा सेन्सर काढून तिथे साधा दाबमापक लावून घ्यायला सांगितले. दाब खरोखरच कमी निघाला. खालची तेलटाकी उतरवली तेव्हा पंपाची गाळणी काळ्या गाळाने जवळजवळ बुजलेली होती. बेअरिंग अजून शाबूत होती.