मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना
शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली योजना. वीज उपकेंद्रांच्या आसपासच्या जमिनीवर छोटे सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज कृषी वाहिन्यांना पुरवली जाते; लांबच्या वहनातील गळती त्यामुळे घटते. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात भाडेपट्ट्याने दिलेल्या खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. रात्री-अपरात्री, साप-विंचवाच्या भीतीत पिकाला पाणी द्यायला जावे लागू नये, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने भाड्याहूनही मोठा लाभ. गायरान जमीन घेताना मात्र गावच्या गुरांच्या चराईचा विचार ग्रामसभेत आधी व्हायला हवा.